केसोपंतांचे पिवळे डोळे

एका जंगलात, मुलांनो, केसोपंत नावाचे अस्वल राहत होते. वाघमहाराजांच्या कचेरीत ते कारकून. वीस वर्षे दाराजवळच्या एकाच खुर्चीवर. येणारी-जाणारी माकडे त्यांच्या खुर्चीला छत्री अडकवायची आणि त्यांच्याशी न बोलता आत जायची.

केसोपंतांना एकच सुख होते. लाल मुंग्यांची चटणी. अपमान झाला की ते वाटीभर खायचे, आणि अपमान रोज व्हायचा. त्यांना अल्सर झाला यात नवल ते काय?

डॉक्टर सुतारपक्ष्यांनी पोटावर टकटक करून पाहिले. “गोळ्या चौदा दिवस. चटणी बंद. आणि नीट ऐका. एखाद्याच्याच लिव्हरला ही गोळी सोसत नाही. डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून तडक माझ्याकडे यायचं.”

यातले ‘गोळ्या’ एवढेच केसोपंतांनी ऐकले. गोळीने जळजळ थांबली, म्हणून चटणी सुरू झाली. चटणी सुरू, म्हणून गोळीही सुरू. औषधवाला उंदीर चिठ्ठी कधी मागत नसे. चौदा दिवसांचे चौदा महिने झाले.

एके सकाळी त्यांची बायको जांबूताई म्हणाली, “अहो, डोळे बघितलेत का आरशात? हळद फासल्यासारखे झालेत. चला डॉक्टरांकडे.”

“संध्याकाळी जाऊ. कचेरीला उशीर होतोय.”

कचेरीत एका माकडाने छत्री अडकवली, वर पाहिले आणि हळूच परत काढून घेतली. असे पिवळे डोळे जंगलात फक्त वाघमहाराजांचे होते.

“साहेब, आपलं राजघराण्याशी काही नातं?”

केसोपंतांना मळमळत होते, म्हणून ते गप्प बसले. मोठे साहेब असेच गप्प बसतात, हे माकडाला ठाऊक होते. आठवड्याभरात केसोपंतांना आतली खोली मिळाली. डॉक्टरांकडे जायचे राहूनच गेले.

शेवटी जांबूताई डॉक्टरांनाच कचेरीत घेऊन आली. त्यांनी तपासले आणि त्यांचा चेहरा उतरला. “गोळी आजच बंद करा. अजून लिव्हर सावरेल. महिना-दोन महिन्यांत डोळे अगदी पूर्वीसारखे होतील.”

“पूर्वीसारखे?” केसोपंतांनी घाबरून विचारले.

बाहेर माकडे रांगेत उभी होती, आपापल्या छत्र्या हातात धरून. वीस वर्षांत प्रथमच कुणी त्यांच्यासाठी थांबले होते.

“अहो, मला तुम्ही दाराजवळच्या खुर्चीतले चालाल,” जांबूताई म्हणाली. “पण तुम्ही हवे आहात.”

केसोपंतांनी बायकोकडे पाहिले, मग रांगेकडे पाहिले, आणि पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळली.

पुढच्या महिन्यात शोकसभा झाली. वाघमहाराज जातीने आले. जांबूताई मात्र आली नाही.

दुसऱ्या दिवशी औषधवाल्या उंदराच्या दुकानापुढे माकडांची ही रांग लागली. पोट त्यांच्यापैकी एकाचेही दुखत नव्हते.

तात्पर्य : औषधाला दुष्परिणाम असतातच. त्यातला एखादा लागू पडला, तर डॉक्टरांचे मुळीच ऐकू नये.