तिसऱ्याची जागा

परबकाका कुठलाही कॅम्पर बघायला गेले की आधी वाकून आत डोकावतात, गादीवर दोनदा थापटतात आणि विचारतात, "तिसरो खंय झोपतलो?"

तिसरा माणूस कुठे झोपेल, एवढाच त्यांचा प्रश्न. चाकं कशी आहेत, छप्पर गळतं का, काही नाही. विकणाऱ्याला वाटतं, म्हातारा मोठ्या खटल्यातला दिसतोय. तो खुशीत घडीचं टेबल खाली करतो, त्यावर फळी टाकतो आणि तिसरा काय, चौथाही झोपेल, असं सांगतो. मग काका चपला घालतात आणि मला म्हणतात, "नको. चल रे."

कॅम्पर म्हणजे गाडीमागे जोडून न्यायची, चाकांवरची छोटी खोली. आत बिछाना, मागच्या बाजूला चहापुरती शेगडी. काकांनी जन्मभर एका कंपनीची जीप चालवली. ते निवृत्त झाले तेव्हा कंपनीने ती मोडीत काढली आणि काकांनी घरी आणली. आता ती लालबागला आमच्या चाळीच्या अंगणात उभी असते. तिच्यामागे काय जोडावं, यात काकांचं अख्खं वर्ष गेलं. प्रत्येक ठिकाणी मी बरोबर, कारण मी पदवीधर. शिकलेला माणूस सोबत असला की समोरचा फसवत नाही, असं त्यांचं मत आहे. माझी पदवी इतिहासाची आहे, हे मी सांगून पाहिलं. "मग बरांच की. जुनो माल ओळखशील," म्हणाले.

मी कुडाळकडचा. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला पहिलाच. नोकरीसाठी मुंबईला निघालो तेव्हा वडिलांकडे देण्यासारखं एकच होतं, परबकाकांचं नाव. काकांनी मला काही विचारलं नाही आणि काकींनी भाताचं आधण वाढवलं. त्या एका खोलीत तेव्हा काकांची आई, मुलगी आणि गावाहून आलेले आम्ही चारपाच जण होतो. चाळीची रीत ठरलेली, बायका आत, पुरुष बाहेर गॅलरीत. काकांच्या शेजारची चटई मला मिळाली आणि तिच्यावर मी दोन वर्षं झोपलो. आज त्याच मजल्यावर माझी भाड्याची खोली आहे, पण मुंबईत माझी जागा कोणती असं कुणी विचारलं, तर मला अजून ती चटईच आठवते.

शेवटी शीव कोळीवाड्याजवळ एक गॅरेजवाले भेटले, युसुफभाई. त्यांनी एका गिऱ्हाइकासाठी बनवलेला कॅम्पर पडून होता. काकांनी डोकावून नेहमीचा प्रश्न विचारला. युसुफभाई हसले. "चाचा, इसमें तीसरा? बिल्ली भी नहीं सोएगी."

काकांचे डोळे चमकले, पण बोलण्यावर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. ते स्वतः आत आडवे झाले, काकींच्या जागी युसुफभाईंना झोपवलं आणि मला म्हणाले, "आता तू घूस." मी पायांकडच्या सांदीत कुशीवर झालो, गुडघे पोटाशी घेतले आणि अगदी आरामात मावलो. गॅलरीतली सवय. काकांचा चेहरा उतरला.

"हय एक कपाट ठोका," त्या सांदीकडे बोट दाखवून ते युसुफभाईंना म्हणाले.

"क्या रखोगे?"

"कुछ नहीं. बस, जगा भरनेका."

परतताना पडद्याचं कापड घ्यायला हिंदमाताला उतरलो. तिथे मी न राहवून विचारलं, की माणसं जागा वाढवून मागतात आणि तुम्ही घटवून का? काका कापड चाचपत राहिले. मग वर न बघता म्हणाले, "लग्न झालं तेव्हा आई होती, भाऊ होते. मग गाववाले आले. मग तू आलास. तक्रार नाय रे. पण चाळीस वर्षं काकी दाराच्या आत आणि मी बाहेर. जागा दिसली की माणूस येतो, आणि आलेल्याला नाही म्हणणं मला जमत नाय. म्हणून जागाच नको."

त्यांनी निळी फुलं असलेलं कापड फाडायला सांगितलं.

कॅम्पर अंगणात आला तेव्हा सगळी चाळ कठड्याला ओणवी झाली. काकी खाली उतरल्या, आत बघितलं, रिकामं कपाट उघडून बंद केलं आणि विचारलं, "आणि कुणी आलं तर?"

काका जीपकडे वळले.

"दारात आलेल्याला जागा नाही म्हणून मी कधी सांगितलं नाही. आता या वयात सांगणार नाही. तुम्ही एकटेच जा." आणि त्या एकेक पायरी करत जिना चढू लागल्या.

काकांनी खरं कारण सांगावं म्हणून मी त्यांना कोपराने ढोसलं. ते जीपचा आरसा पुसायला लागले. कापडाच्या दुकानात जे बोलले, ते बायकोसमोर बोलणारा माणूस तो नव्हे. मी वर धावलो, माझी जुनी चटई काढली आणि खाली आणून कॅम्परच्या टपावर बांधली. काकींना हाक मारून म्हटलं, कुणी आलंच तर बाहेर झोपेल, आम्ही नाही का झोपलो? काकी अर्ध्या जिन्यात थांबल्या. परत आल्या, गाठ ओढून पाहिली. "नीट बांध. वाटेत पडायची," म्हणाल्या, आणि पिशवी भरायला गेल्या.

दोघं मुरबाडकडे कुणाच्या तरी शेतावर जाऊन दोन दिवसांनी आली. काका जीप धूत होते, म्हणून मी काकींनाच विचारलं.

"चटईचा उपयोग झाला," काकी म्हणाल्या.

"कोण आलं होतं?"

"कोण येणार? हेच. जेवण झालं, हात धुतले, चटई सोडली आणि बाहेर पसरून आडवे झाले. मी म्हटलं, अहो, आत या. आत कोणी नाही. तेव्हा उठून आले."

मी हसलो. काकी पडदे धुवायला काढत होत्या.

"आणि हे घोरतात रे. मला ठाऊकच नव्हतं. गॅलरीत सातआठ जण घोरायचे, त्यातलं यांचं कुठलं, ते आतून कसं कळणार?"

"म्हणजे झोप नाहीच झाली."

"कुठली झोप," काकी म्हणाल्या. "मी ऐकत पडले होते."