नव्याचं जुनं करताना

कचेरीत त्यांना सगळे 'जैसेथे' म्हणत आणि त्यांना त्याचा अभिमान होता. त्यांच्या खुर्चीचा एक पाय लंगडा झाला म्हणून शिपायाने नवी खुर्ची आणली, तर त्यांनी ती परत पाठवली होती. "वस्तू जपायची म्हणजे काय, तर तिला हात लावायचा नाही," असं ते जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता सांगत. ऐकणारे माना डोलावत, कारण कोणी वाद घातला तर हे व्याख्यान चहापर्यंत लांबतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

व्याख्यानात दरवेळी उदाहरण एकच असे, ते अण्णांच्या घड्याळाचं. अण्णा म्हणजे त्यांचे वडील. चावीचं मनगटी घड्याळ, चष्म्याच्या जुन्या डबीत, फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवलेलं. तबकडी पिवळी पडलेली, कडेला एक तपकिरी डाग, काचेवर ओरखडे, आणि एका बाजूचा सोनेरी मुलामा इतका झिजलेला की आतलं पितळ दिसे. जैसेथे महिन्यातून एकदा त्याला चावी देत, कानाशी धरत आणि परत निजवत. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण डबी उघडली की ते खोलीतच आहेत असं त्यांना वाटे. ते घड्याळ पुसायची परवानगी बायकोलासुद्धा नव्हती.

आता अक्का येणार होती. अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण, लग्न होऊन साता समुद्रापलीकडे गेलेली. अण्णा गेले तेव्हा तिला पोचता आलं नव्हतं आणि ते तिच्या मनाला अजून लागून होतं. जैसेथेंनी मनाशी पक्कं ठरवलं होतं. तिने घरात येऊन पाणी प्यायलं, की घड्याळ तिच्या तळहातावर ठेवायचं. अण्णांनी शेवटचं काढून ठेवलं होतं, अगदी तसंच.

अक्का यायच्या आधी एकदा बघून घ्यावं म्हणून त्यांनी डबी उघडली. आत एक नवं कोरं घड्याळ लखलखत होतं. तबकडी पांढरीशुभ्र, काच नितळ, मुलामा असा की त्यात त्यांना स्वतःचं उघडं पडलेलं तोंड दिसलं.

"अगं, चोरी झाली," ते ओरडले. "चोराने बदल्यात दुसरं ठेवलंय."

बायको पदराला हात पुसत आली. "चोरी कसली? घड्याळजींकडून नीट करून आणलंय. किती छान दिसतंय बघा."

"कोणाला विचारून?"

"अहो, ऐका तरी. अक्कांनीच मला..."

"अक्काचं नाव काढू नकोस. अक्काने हे पाहिलं तर ती काय म्हणेल, याचा विचार केलास?"

"तेच सांगतेय..."

"एक शब्द नको."

बायको परत स्वयंपाकघरात गेली. यांचं ऐकून घ्यायचं वय गेलं हे तिने फार पूर्वीच ओळखलं होतं.

जैसेथे तडक घड्याळजींच्या दुकानात गेले. "केलेलं सगळं काढा," ते म्हणाले. "होतं तसं करा."

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं. "साहेब, माझ्याकडे लोक जुन्याचं नवं करायला येतात. नव्याचं जुनं करायला आलेले तुम्ही पहिलेच."

"तो कडेचा डाग कुठाय?"

"घालवला की. फार चिवट होता."

"डाग नव्हता हो तो," जैसेथे म्हणाले. "अण्णा होते ते."

घड्याळजींनी भिंग परत खाली ओढलं आणि दुसऱ्या कोणाच्या तरी गजराच्या घड्याळात तोंड खुपसलं.

मग हे काम जैसेथेंनी स्वतःच अंगावर घेतलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, सुरीच्या टोकाने काच काढली आणि कोऱ्या चहात बुडवलेल्या काडीने तबकडीवर डाग टेकवला. डाग ठीक चारच्या आकड्याजवळ उमटला. लांबून पाहिल्यावर त्यांना वाटलं, डाग आठजवळ होता. तिथेही एक टेकवला. मग दोन्ही फिके वाटले म्हणून काडीऐवजी चमचा घेतला.

"अहो, चहा आत गेला," बायको म्हणाली.

"जाऊ दे. जुन्या घड्याळात काय काय गेलेलं असतं."

ते गॅसजवळ धरून वाळवलं. काचेवर पॉलिश पेपर फिरवला. मुलामा मात्र दाद देईना, म्हणून मागच्या दारी जाऊन तो पायरीच्या दगडावर घासला, आणि जोराच्या भरात दुसरीही बाजू घासून निघाली. शेवटी घड्याळ कुणी विहिरीतून उपसून काढल्यासारखं दिसू लागलं, तेव्हा जैसेथेंचा जीव भांड्यात पडला.

अक्का आली. पाणी प्यायली. जैसेथेंनी डबी उघडून घड्याळ तिच्या तळहातावर ठेवलं.

"हे कुठलं?" अक्काने विचारलं.

"अण्णांचं. जसंच्या तसं."

अक्काने ते कानाशी धरलं, हलवलं, परत धरलं. मग तिने भावजयीकडे पाहिलं. "वहिनी, तुला मी फोनवर सांगितलं होतं ना, मी यायच्या आत नीट करून घे म्हणून?"

"घेतलं होतं. आणूनही ठेवलं होतं," बायको शांतपणे म्हणाली. "पुढचं यांना विचारा."

जैसेथेंनी मान खाली घातली. "पण अक्का, नवं कशाला हवं होतं तुला?"

"नवंच तर होतं ते, धाकट्या. तुझा जन्मही झाला नव्हता. अण्णांनी पहिल्यांदा हातात बांधलं, तेव्हा मी बरोबर होते. घरी येईपर्यंत कडाक्याच्या थंडीत बाही वर केलेली. मग संध्याकाळी कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले, कोणीतरी वेळ विचारेल म्हणून. कोणी विचारेना. शेवटी मीच जाऊन विचारलं, अण्णा, किती वाजले? इतका वेळ बघत राहिले, मला वाटलं त्यांना घड्याळ कळत नाही."

हे अण्णा जैसेथेंना कधी भेटलेच नव्हते. त्यांना त्या लहानग्या अक्काचा चक्क हेवा वाटला.

"मला ते झिजलेलंच माहीत," ते हळूच म्हणाले. "शेवटी शेवटी त्यांना काटे दिसत नव्हते. नुसता अंगठा फिरवत बसायचे त्याच्यावरून. एकाच जागी. पितळ दिसायचं ना, ते त्यांनी असं काढलेलं. आणि तुझा फोन येऊन गेला, की जरा जास्तच वेळ फिरवायचे."

अक्काने डोळ्यांना पदर लावला. घड्याळ तिने मुठीत घट्ट धरलं होतं आणि त्यातून चहाचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी बहीणभाऊ घड्याळजींच्या दुकानात गेले. घड्याळजींनी घड्याळ चिमट्याने उचललं, उलटंपालटं केलं, आणि जैसेथेंकडे बघायचं मुद्दाम टाळलं.

"चालू होईल," ते म्हणाले. "पण आता एकदाच काय ते सांगा. दिसायला नवं करायचं की जुनं?"

"नवं," जैसेथे म्हणाले.

"जुनं," त्याच क्षणी अक्का म्हणाली.

घड्याळजींनी चिमटा खाली ठेवला. "बाहेर बाक आहे," ते म्हणाले. "बसा, ठरवा आणि मग आत या."