महादेवप्पांची उपग्रह-हजेरी

अवकाश संशोधनाचे लाभ समाजातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचले पाहिजेत, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या शिवगंगा वसाहतीत ते शेवटच्या माणसाच्या मनगटापर्यंत पोहोचले.

हा माणूस म्हणजे महादेवप्पा. वसाहतीच्या पाणी सोसायटीत सव्वीस वर्षं नोकरी. दर चौथ्या दिवशी सकाळी सहाला कोपऱ्यावरच्या खड्ड्यात लांब लोखंडी चावी घालून व्हॉल्व्ह उघडायचा, आठला बंद करायचा. सव्वीस वर्षं हे काम कुणाच्याही देखरेखीशिवाय सुरळीत चाललं, ही गोष्ट आमचे सचिव राजशेखर यांच्या मनाला फार लागली. त्यांनी उपग्रहावर चालणारं घड्याळ मागवलं. ते मनगटावरून काढलं की ओरडतं. सहाच्या आधी व्हॉल्व्ह उघडायला मनाई. सहा ते आठ महादेवप्पा व्हॉल्व्हभोवतीच्या पाच मीटरच्या वर्तुळात असले, तर एकशे बारा घरांच्या फोनवर 'कर्मचारी हजर, पाणी सुरू' असा संदेश येणार. नसले, तर घड्याळ ओरडणार आणि 'गैरहजर, पाणी नाही' असा. तीन गैरहजेऱ्या झाल्या की महादेवप्पा घरी. (योजना टाळ्यांच्या गजरात मंजूर. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.)

एकच बारीकशी गोष्ट झाली. नकाशावर व्हॉल्व्हची खूण करताना उपग्रहाच्या चित्रात जे काळं गोल दिसलं, त्यावर राजशेखर यांनी टिंब ठेवलं. ती रत्नम्मांच्या गच्चीवरची टाकी होती.

खरा व्हॉल्व्ह तिथून चाळीस पावलांवर. म्हणजे महादेवप्पा व्हॉल्व्हपाशी गेले की गैरहजर, आणि गच्चीवर टाकीला टेकून बसले की हजर. ते बसले. पहिल्या पाळीला बसले, दुसऱ्या पाळीलाही बसले. हजेरी शंभर टक्के झाली. फोनवर पाणी दोन्ही वेळा आलं. नळाला आलं नाही, तेव्हा दोष आपल्याच नळात असणार हे ओळखून सत्तेचाळीस घरांनी नळ बदलून घेतले.

"साहेब, त्ये टिंब जरा सरकवा की," महादेवप्पा म्हणाले.

"टिंब कंपनीनं लॉक केलंय," राजशेखर म्हणाले. "व्हॉल्व्हच गच्चीवर नेता येतो का, ते बघायला उपसमिती नेमतो."

तिसऱ्या पाळीला रत्नम्मा गच्चीवर आल्या. वय बहात्तर. एरवी चहा आणायच्या, आज हात रिकामे.

"महादेवप्पा, घरात तांब्याभर पाणी ऱ्हायलंय. तुमाला चहा करू का पूजेला ठेवू? तुमीच सांगा."

"अक्का, खाली उतरलो तर नोकरी जाईल वो."

"जाईल की. पर नोकरी कशाची करताय, त्ये तरी ध्यानात हाय का?"

महादेवप्पांनी एकदा घड्याळाकडं बघितलं. मग उठले, जिना उतरले आणि चावी खांद्यावर टाकून कोपऱ्याकडं निघाले. मनगटावर घड्याळ बोंबलत होतं. त्यांनी व्हॉल्व्ह फिरवला. पाण्याची थरथर चावीतून हातात आली, तेव्हा कितीतरी दिवसांनी त्यांना कामावर आल्यासारखं वाटलं.

त्याच क्षणी आमचे फोन वाजले : 'गैरहजर, पाणी नाही'. आम्ही चुकचुकलो, नळ घट्ट बंद केले आणि कोरडेच कामाला गेलो. पाणी आठपर्यंत होतं.

संध्याकाळी रत्नम्मा सभेत सांगत होत्या, "अवो, पाणी आलतं की! माझी दोन्ही पिंपं भरली." आम्ही एकशे अकरा फोन पडताळून पाहिले. (त्यांच्याकडं फोन नाही.) त्यांच्या म्हणण्याला कुठंच आधार सापडला नाही. वयाचा मान ठेवून आम्ही त्यांना बसायला सांगितलं आणि महादेवप्पांची पहिली गैरहजेरी एकमतानं नोंदवली. नियमाप्रमाणं आणखी दोन शिल्लक आहेत. म्हणजे वसाहतीला अजून दोनदा पाणी येईल.

तुम्ही असता, तर निदान तोटी फिरवून बघितली असती, म्हणता. असेल. आज बाहेर ऊन किती आहे, ते सकाळी दार उघडून बघितलंत, की फोन उघडून?