मागची सीट रिकामी काहून?

पैसे मोजून पेट्रोल घ्यायला गेलेल्या माणसाला "कुठी चालले जी?" असं विचारणारा पंपवाला मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या कोर्टाच्या वाटेवर होता. त्याचं नाव फागोजी. इतकी वर्षं झाली, तरी त्याचं नाव निघालं की माझं डोकं तापतं. तेव्हा ते त्याच्यावर तापायचं. आता कोणावर तापतं ते कळेलच.

धरमपेठेतून सिव्हिल लाइन्सकडे जाताना हा पंप लागायचा. दोन मशिनी, एक पत्र्याची खोली, आणि मशिनीला टेकून उभा असलेला फागोजी. पन्नाशीचा, काटकुळा, खाकी हाफपँट आणि वरचं बटण नसलेला सदरा. कानावर एक बिडी असायची, पण पंपावर ती पेटवलेली कोणी पाहिली नाही. ती ओढायला तो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा आणि तिथूनही गिऱ्हाइकांवर नजर ठेवायचा.

मी वकील. माझी मोटर म्हणजे कुहीकडच्या एका मालगुजाराची, म्हणजे जमीनदाराची, जुनी अमेरिकन गाडी. त्याची मालगुजारी गेली, पाठोपाठ ऐपत गेली, आणि मी ती गाडी फुशारकीनं विकत घेतली. अशिलाला वकिलाचं कायद्याचं ज्ञान दिसत नाही, मोटर दिसते, हा माझा त्यामागचा युक्तिवाद. घरापासून कोर्ट दोन मैल. तेवढ्यासाठी मी एकटा त्या गाडीत बसून जायचो. मागच्या सीटवर माझा काळा कोट आणि दोन फायली असायच्या.

मग अरबांनी तेल अडवलं आणि पेट्रोलचा भाव एका झटक्यात असा चढला की भलेभले साहेब सायकलीवर आले. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी मोटरीवर गोणपाट टाकलं आणि चालत व्हिजिटा करायला लागले. मीही सायकल काढू शकलो असतो. पण वकिलाची प्रॅक्टिस बसली म्हणून त्यानं मोटर घरात ठेवली, असं वकिलांच्या बाररूममध्ये कोणी म्हणालं असतं तर मला ते झेपलं नसतं. पोटाला चिमटा काढला, पण गाडी काढली. सकाळी उठून सरकारला शिव्या द्यायच्या, अरबांना शिव्या द्यायच्या, आणि पंपावर जाऊन पुन्हा दहा लिटर मागायचं, हा माझा नेम झाला.

फागोजी दहा लिटर देईल तर शपथ. नळी हातात घेऊन तो आधी मागच्या काचेतून आत डोकावायचा.

"कुठी चालले जी, वकीलसाहेब?"

"कोर्टात. दुसरीकडे कुठे जाणार?"

"मंग मागची सीट रिकामी काहून?"

या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. मी रोज वेगवेगळ्या तऱ्हेनं चिडून पाहिलं. माझी गाडी, माझा पैसा, माझी सीट. तो शांतपणे ऐकून घ्यायचा, तीन लिटर घालायचा आणि बाकीचं उद्या न्या म्हणायचा. माझ्यामागे उभ्या असलेल्या स्कूटरवर नवरा, बायको आणि दोन पोरं दिसली की मात्र याचा चेहरा खुलायचा. त्यांची टाकी तो काठोकाठ भरायचा आणि फडक्यानं दिवासुद्धा पुसून द्यायचा. माझी काच त्यानं कधी पुसली नाही.

नुसतं एवढ्यावर थांबला असता तरी मी सोसलं असतं. पण पंपाच्या कोपऱ्यावरच बसचा थांबा होता, आणि बस ही नागपुरात तेव्हाही आपल्या मर्जीनं यायची. फागोजीनं एक दिवस थांब्यावरच्या तीन माणसांना हाक मारली, माझ्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि त्यांना आत बसवलं. मला विचारलंसुद्धा नाही. मग म्हणाला, आता घ्या चार लिटर. त्या दिवसापासून हा पायंडाच पडला. मोठी गाडी आली की तो आधी सीट भरायचा आणि मग टाकी. माझ्या गाडीतून वांग्याची टोपली गेली, पेन्शनीला निघालेले एक मास्तर गेले, सदरला राहणाऱ्या दोन नर्सबाई गेल्या, आणि एकदा एक बकरी गेली. बकरीच्या मालकानं उतरताना माझे आभार मानले. बकरीनं वकीलपत्राचा अर्धा कागद खाल्ला होता, ते मला कोर्टात कळलं.

इतर मोठे गाडीवालेही वैतागले होते. एकानं त्याला मारायला हात उचलला. फागोजीनं नळी जागेवर टांगली आणि हाताची घडी घालून उभा राहिला. पेट्रोल हवं असल्यामुळे त्या गृहस्थांना हात खाली घ्यावा लागला. अन्नाला महाग असलेल्या माणसाची एवढी मिजास पाहून मला रात्री झोप यायची नाही.

एक दिवस मात्र त्यानं माझी उलटतपासणी घेतली नाही. माझी मुलगी शैला पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती आणि मी तिला आणायला स्टेशनवर निघालो होतो. ते ऐकताच त्यानं थांब्यावरून आपणहून येऊन बसलेल्या दोघांना खाली उतरवलं आणि मागितलं तेवढं पेट्रोल दिलं. वर कितवा महिना, तारीख कोणती, हेही विचारलं. मला तो आगाऊपणा वाटला. मी सांगितलं आणि काच वर केली.

आता माझ्या नुकसानीची गोष्ट. गांधीबागेतल्या दोन कापडवाल्या भावांचा दुकानावरून वाद होता. थोरला माझा अशील. धाकट्याला मी अजून पाहिलं नव्हतं, पहिलीच तारीख होती. त्या सकाळी फागोजीनं माझ्या शेजारी एक भला माणूस आणून बसवला. याची रिक्षा पंक्चर झाली, कोर्टातच चालला, म्हणाला. माणूस बोलका निघाला. वाटभर आपल्या भावाचे प्रताप सांगत होता. मला ते ऐकून खरोखर कळवळा आला. मी म्हणालो, असल्या भावाला मुळीच सोडू नका, चांगला कोर्टात खेचा, वाटल्यास मला भेटा. बोलत, हसत आम्ही कोर्टाच्या फाटकापाशी उतरलो. फाटकात माझा अशील उभा होता. दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत राहिले आणि मग दोघेही माझ्याकडे. बारा वाजायच्या आत थोरल्यानं कागद परत मागितले. वर्षातली सगळ्यात मोठी केस माझ्या हातची गेली आणि बाररूमला महिनाभर पुरेल इतकं हसू मिळालं.

मी तसाच पंपावर गेलो. फागोजी रस्त्यापलीकडे बिडी ओढत होता. मी तरातरा पत्र्याच्या खोलीत शिरलो आणि तिथे मला गोणपाटाखाली झाकलेले दोन डबे दिसले. झाकण काढून वास घेतला. पेट्रोल. गावात टँकर वेळेवर येत नाही, लोक रांगा लावतात, आणि हा शहाणा मला तीन लिटरवर ठेवून मागच्या दारानं डबे भरतो. मला इतका आनंद झाला की काय सांगू. संध्याकाळपर्यंतही थांबलो नाही. पंपाच्या मालकांच्या, शेटजींच्या घरी गेलो, असं डब्यात पेट्रोल साठवणं हा गुन्हा कसा आहे आणि लायसन कसं जाईल हे त्यांना कलमासकट समजावलं. शेटजींना गाडीवाल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींचा वीट आलाच होता. त्यांनी त्याच दुपारी फागोजीला काढलं. डब्यांचे पैसे भरले आहेत, एवढंच तो म्हणाला म्हणे. शेटजींनी डबेही त्याच्याबरोबर बाहेर काढले.

दुसऱ्या दिवशी पंपावर नवा माणूस होता. त्यानं काही न विचारता दहा लिटर घातलं. माझ्यामागे उभ्या असलेल्या मोठ्या गाडीतले साहेब हसून म्हणाले, पीडा गेली एकदाची. मीही हसलो. तो हसलेला चेहरा मला आठवतो तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आठवडा गेला. त्या रविवारी मी खाप्याला एका लग्नाला गेलो. घरात मुलीचे दिवस भरलेले, तारीख तोंडावर, आणि मी पाहुण्यांत मिरवायला म्हणून मोटर घेऊन एकटा गेलो. परत आलो तेव्हा टाकी कोरडी पडली होती. उद्या भरू म्हटलं, तर सोमवारी टँकर आला नाही. मंगळवारीही आला नाही. बुधवारी भर दुपारी शैलाला कळा सुरू झाल्या. सुईणबाईंनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. मूल आडवं होतं. घरी सुटका होणार नाही, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या, आणि रिक्षात बसवून नेऊ नका, नीट झोपवूनच न्या, असं त्यांनी बजावलं.

मोटरीची मागची सीट पलंगाएवढी होती. टाकीत थेंब नव्हता. दवाखान्याला फोन केला, तर त्यांची गाडी दुसरीकडे गेलेली. मी उघड्या डोक्यानं पंपाकडे धावलो. नव्या माणसानं हात हलवले. मग मला रडायला आलेलं पाहून म्हणाला, फागोजीकडे असेल, नाल्यापलीकडे राहतो.

त्या नाल्यावरून जाताना माझे पाय जड झाले, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी पळत गेलो. लाज वगैरे सगळं नंतरचं. फागोजी आपल्या एका खोलीच्या दारात बसला होता. मी इतकंच म्हणालो, "फागोजी, शैला..."

तो उठून उभा राहिला. "कळा कधीपासून येऊन राहिल्या?"

आतून त्यानं त्या दोनांतला एक डबा आणला आणि सायकलीच्या हँडलला अडकवला. माझ्या आधी तो माझ्या घरी पोचला. खांद्यावरच्या दुपट्ट्यातून गाळून त्यानं सगळा डबा टाकीत ओतला. माझ्या बायकोनं त्याला विचारलं, एवढं पेट्रोल तुमच्याकडे कसं? ओतता ओतताच त्यानं सांगितलं, की आजूबाजूच्या पाच घरी पोरी बाळंतपणाला आल्या आहेत, टँकरचा भरवसा नाही, म्हणून पगारातून घेऊन ठेवलं होतं. मी गाडी सुरू करायला पुढचं हँडल फिरवत होतो. ते ऐकलं आणि आणखी जोरानं फिरवायला लागलो. शैलाला मागे झोपवलं, पायाशी तिची आई, पुढे सुईणबाई. फागोजीला जागा नव्हती. तो सायकलीवरून मागे आला.

दवाखान्यात तिला आत नेलं आणि ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. मी बाहेरच्या बाकावर बसलो. थोड्या वेळानं फागोजी आला आणि धापा टाकत माझ्या शेजारी बसला. 

"फागोजी, डब्यांचं शेटजींना मी सांगितलं."

"मालूम आहे. शेटजीनंच सांगतलं मले."

"मग दिलं काहून?"

 त्यानं सदऱ्याच्या टोकानं कपाळ पुसलं. मग म्हणाला, "माह्या घरी कोणी नाही जी. पंपावर असलो का मालूम पडे, कोण कुठी गेलं, कोणाच्या घरी काय झालं. आता दहा-बारा दिवस झाले, एका माणसासंग बोललो नाही. दारावर आले ते तुमीच पयले."

माझ्यासारख्या माणसाला त्यानं शिव्या द्यायला हव्या होत्या. दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. पुढे मी महिनाभर शेटजींच्या पायऱ्या झिजवल्या, माफी मागितली, शेवटी कचाकचा भांडलो. ते म्हणाले, नवा माणूस काही विचारत नाही, गिऱ्हाईक खूश आहे, तुम्हाला काय करायचं? फागोजीची नोकरी गेली ती गेलीच. मोठ्या गाड्या पंपावर येत राहिल्या, आत एकेक माणूस. भाव आणखी वाढला.

पण त्या दिवशी बाकावर यातलं काही मला माहीत नव्हतं. संध्याकाळी दार उघडलं आणि नर्सबाई कपड्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन बाहेर आल्या. शैला सुखरूप होती. बायकोला हुंदका आवरत नव्हता, म्हणून त्यांनी मुलगी माझ्याकडे दिली. मी ती फागोजीपुढे धरली. त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"हाताले पेट्रोलचा वास येऊन राहिला जी."

"येऊ द्या," मी म्हणालो. मला राग आला होता आणि तो आवाजात उतरला. "घ्या म्हणतो ना."

त्यानं हात सदऱ्याला पुसले, मग दुपट्ट्याला पुसले, आणि तिला घेतलं. पोरगी जिवाच्या आकांतानं रडत होती. त्याच्या हातात गेल्यावरही ती गप्प झाली नाही, आणि त्यानं तिला लवकर परतही दिलं नाही.