सत्काराचं औषध

कुशलच्या सत्काराचा बॅनर बुद्धविहारासमोर लागला तेव्हा कुशल पुण्याहून बालाघाटला येणाऱ्या गाडीत होता, म्हणून त्याला तो थांबवता आला नाही. ‘कॅन्सरचे औषध शोधणारे आपले कुशल’ असं त्यावर हातभर अक्षरांत रंगवलं होतं. वॉर्डातला पहिलाच पीएच.डी. करणारा पोरगा, लोकांना दम कसा निघणार?

खरं तर त्याने शोधलं काहीच नव्हतं. कॅन्सरच्या पेशीला वाढायला लावणारं एक जनुक असतं. ते गप्प करणारं औषध डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांत भरून थेट पेशीपर्यंत पोचवायचं, अशी त्याच्या प्रयोगशाळेची खटपट चालली होती, आणि तीही उंदरांवर. त्यातले निम्मे उंदीर मरत. हे सगळं तो माइकवर सांगणार होता. पण शाल-श्रीफळ झालं, गळ्यात हार पडले, पुढच्या रांगेत आई पदराने डोळे पुसू लागली. कुशल नुसते हात जोडून खाली बसला आणि तिथेच घोळ झाला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या सख्ख्या महागूकाकांनी नागपूरला ठरलेलं ऑपरेशन रद्द केलं. काकांचा जन्म भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत गेला होता आणि तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने त्यांना म्हातारपणी गालाचा कॅन्सर बहाल केला होता.

“घरचं औषध असल्यावर मी जबडा काहून कापू?” काका म्हणाले.

“काका, थे आमी अजून उंदरायलेच देऊन राह्यलो.”

“उंदराले देतं अन् सख्ख्या काकाले नाही?”

कुशल समजावत होता, काका मान हलवत होते आणि गाल सुजत होता. महिनाभर थांबलात तर मग येऊच नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेवटी कुशल टेकीला आला.

“औषध नागपूरलेच ठेवलं आहे,” तो म्हणाला. “पण थे आत भराले गाल उघडा लागते.”

“मंग असं सांग ना,” म्हणत काकांनी पिशवी भरली.

अर्धा जबडा गेला, पण काका वाचले. वाचले ते वाचले, वर पुतण्याच्या औषधाचा डंका पिटत सुटले. पुढच्या सुट्टीत कुशल घरी आला, तर अंगणात परसवाडा गावचा वसंता तोंडाला रुमाल बांधून बसलेला, शेजारी त्याची बायको आनंदी आणि समोर काका. वसंतालाही गालाचाच कॅन्सर होता. डॉक्टर नुसतं कापून सोडतात, कुशलभाऊंचं औषध भरतच नाहीत, असा संशय येऊन वसंताने ऑपरेशनची तारीख सोडून दिली होती.

आपण एकाला वाचवलं आणि दुसऱ्याला मारायला निघालो, हे कुशलला लख्ख कळलं. त्याने काकांना स्वयंपाकघरात ओढलं. पाठोपाठ आनंदीही आली.

“काका, तुमाले औषध देलंच नाही. मी खोटं बोललो होतो. तुमाले ऑपरेशननंच वाचवलं.”

उरलेल्या तोंडाने बोलायला काकांना कष्ट पडत.

“म्हंजे मले नुसतंच कापलं?”

“हौ.”

वसंतालाही खरं सांगून टाकावं म्हणून कुशल निघाला, तर आनंदी दारात आडवी झाली.

“भाऊ, खरं तं डॉक्टरनंबी सांगतलं होतं. थे आयकूनच हे पळून आले. यायले तुमचं खोटंच सांगा.”

तेव्हा काकाच बाहेर गेले, वसंतासमोर बसले आणि आपला अर्धा चेहरा त्याच्यापुढे केला.

“औषध नागपूरलेच भेटते,” ते सावकाश म्हणाले. “मले थेच देलं होतं.”