सुहासिनीने साखळी काढली

"दिवाळी संपायच्या आत ह्यांची बिडी बंद! नाही केली तर सुहासिनी नाव सांगणार नाही!"

बुवापाड्याच्या नळावर, सगळ्या बायकांच्या देखत सुहासिनीने हे जाहीर करून टाकलं. साल एकोणनव्वद. सुहासिनी बालवाडीची बाई. चाळीस पोरांना एका आवाजात झोपवणारी! तिला एक नवरा काय जड?

नवरा म्हणजे भगवान. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेले, पण दंड असे की पैलवानाने मान खाली घालावी. हातांनी फिरवायच्या तीनचाकी गाडीवरून तो रोज उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात जायचा आणि वासुमल शेठच्या कारखान्यात जीन्सना बटणं ठोकायचा. दिवसाला बिडीची दोन बंडलं! खोकला सुरू झाला की पत्रे थरथरायचे.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "भगवान, लोक पायांनी चालतात, तू छातीच्या जोरावर चालतोस. ती गेली की गाडी जागेवर!"

ते ऐकल्यापासून सुहासिनी रात्र रात्र त्याचा खोकला मोजत जागायची. पण बोलताना मात्र तिच्यातली बालवाडीची बाई बोलायची.

"अहो, दर रविवारी विहारात पंचशील म्हणता. पाचवं शील काय सांगतं?"

"त्यात दारू आहे. बिडीचं नाव दाखव!" भगवान धूर सोडत म्हणायचा.

तेव्हा तिने बेत केला. दिवाळीत कारखाना आठ दिवस बंद. गटारासाठी गल्ली खणलेली, कुबड्या टेकायला जागा नाही. कडेच्या फळीवरून गाडी तेवढी जायची. म्हणजे गाडी बंद तर बिडीची टपरी बंद! भगवान आंघोळीला बसल्यावर तिने गाडीची साखळी काढली आणि तांदळाच्या डब्यात पुरली.

"साखळी तुटली हो! दुरुस्तीला दिलीय. दुकान आता दिवाळीनंतर उघडेल."

पहिला दिवस झकास गेला. भगवान खाटेवर बसून बोटांनी तबला वाजवत राहिला.

दुसऱ्या दिवशी बातमी फुटली. आपल्या गल्लीत 'भगवानची गाडी बंद' होती ती पुढच्या गल्लीत 'भगवान गाडीवरून पडला' झाली, आणि कॅम्पात पोचेपर्यंत 'भगवान मरता मरता वाचला!'

मग काय, भेटायला रीघ! बायकांनी केळी आणली, पुरुषांनी बिड्या.

काडेपेटीच्या कारखान्यातून रिटायर झालेले शंकरराव बंडलासोबत दोन काडेपेट्याही घेऊन आले. "जय भीम, भगवान! बिचाऱ्या तुला दुसरी करमणूक ती काय? ओढ!"

कारखान्यात इस्त्री करणारा धाकलू बारवीच्या डोंगरातून आला. त्याने पानात वळलेली तंबाखू काढली. "वाईच वढ दादा, बरा वाटंल."

सुहासिनी चहा गाळत दात-ओठ खात होती. हे पडलेच नाहीत, नुसती साखळी तुटलीय असं सांगावं, तर कोणीतरी दुसरी साखळी घेऊन हजर व्हायचं! आणि फुकटच्या बिड्या मिळताहेत म्हटल्यावर भगवान कशाला खरं सांगतो? चौथ्या दिवशी हिशेब असा झाला, की आधी दोन बंडलं संपायची, आता तीन!

त्या दुपारी साक्षात वासुमल शेठ इंपोर्टेड सिगारेटचं पाकीट घेऊन आले. "साईं, दिल छोटा मत करो!" म्हणत त्यांनी स्वतःच पेटवून दिली. शंकरराव होतेच. धाकलूही होता. दहा बाय दहाच्या खोलीत चौघांचा धूर! तो खिडकीतून बाहेर पडला आणि शेजारच्या सुंदराबाईंनी किंकाळी फोडली.

"आग! आग लागली गं!"

पाठोपाठ खिडकीतून बादलीभर पाणी! ते थेट शेठच्या सफारीवर!

"अरे बाप रे! मर गया!"

सुहासिनी घाबरून मोरीतून धावली. आग लागल्यावर माणूस जे मोलाचं ते उचलतो. तिने उचलला तांदळाचा डबा! ओल्या फरशीवर पाय सरकला, डबा उपडा झाला, आणि तांदळातून खळ्ळकन साखळी बाहेर आली.

शेठ सफारी पिळत उठले, बाकीचे मागोमाग पांगले.

भगवानने साखळी उचलली. तिच्यातले तांदूळ एकेक काढत तो म्हणाला, "सुहास, मी तुझे दोन्ही पाय काढून डब्यात ठेवले असते तर?"

सुहासिनीचा चेहरा पडला. "चुकले हो. तुम्ही खोकता तेव्हा मला वाटतं, आता पुढचा श्वास येतो की नाही. भीती वाटते."

"मग तसं सांगायचं! शील काय शिकवतेस?" त्याचा आवाज उतरला. "मलाही सोडायचीय. पण नुसता बसलो की हात आपोआप बंडलाकडे जातो. गाडी चालवताना दोन्ही हात अडकलेले असतात. बिडीला तिसरा हात कुठून आणू?"

सुहासिनीने कपाळावर हात मारून घेतला. जे औषध होतं, नेमकं तेच तिने डब्यात पुरलं होतं!

दोघांनी मिळून साखळी चढवली. तेव्हापासून तलफ आली की भगवान गाडीवर! पहिल्या आठवड्यात त्याने बुवापाड्याला दिवसाला वीस फेऱ्या मारल्या. कुणी बिडी पुढे केली की, "हात रिकामा नाही!" मध्ये दोनदा मोहाने बिडी ओढली, रडवेला होऊन घरी सांगितलं. सुहासिनी रागावली नाही, तिने गाडीच्या चाकांसाठी हवेचा पंप आणून दिला. होळीपर्यंत बिडी सुटली. डॉक्टरांनी छाती तपासली आणि नळी दोनदा झटकली, बिघडली तर नाही ना म्हणून!

आता नळावरच्या बायका विचारतात, "जिंकलीस बाई! कुठेत भगवानभाऊ?"

"काय माहीत!" सुहासिनी हंडा आपटते. "सकाळी गेलेत. पालेगावला असतील, नाहीतर कॅम्पात. भाकरी थंड झाली! ओढत होते तेव्हा निदान घरात तरी असायचे!"