अडतीस वर्षांच्या मुलाचं संगोपन

आमच्या समोरच्या दारातले सावेकाका वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मूल कसं वाढवावं याचं ऑनलाइन समुपदेशन घेत होते. त्यांचा एकुलता एक मुलगा निलेश तेव्हा अडतीस वर्षांचा होता आणि बंगळुरूला नोकरी करत होता.

यात थोडी चूक माझी. मी बोईसरच्या एका शाळेत शिकवते. पालकांसाठी असलेल्या समुपदेशनाची माहिती मी वर्गाच्या ग्रुपवर टाकायची ती बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकली. दहा मिनिटांत काका दारात हजर, हातात टॅब, चष्मा कपाळावर.

"टीचर, याला वयाची अट हाय का?"

"कुणाच्या वयाची? मुलाच्या की पालकांच्या?"

त्यांनी विचार केला. "दोघांच्या पन."

फॉर्मवर मुलाचं वय अठरापर्यंतच निवडता येत होतं. काकांनी अठरा निवडलं. "वरची वीस मी तोंडी सांगतो," म्हणाले.

सावेकाका मूळचे केळव्याचे. तिथली नारळ-सुपारीची वाडी धाकट्या भावाकडे सोपवून ते तरुणपणीच तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात बॉयलरवर लागले, ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. बॉयलरच्या घरघरीने कान गेले, आणि कान गेले म्हणून आवाज वाढला. घरात बसून त्यांनी स्वतःशीच "दूध आलं काय?" म्हटलं, तरी खालच्या मजल्यावरून "आलं" असं उत्तर येतं.

समुपदेशन दर गुरुवारी सकाळी अकराला. काका साडेदहापासून तयार. केसांना तेल, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खाली पट्ट्यापट्ट्यांची हाफ पॅन्ट. "मॅडमला मी अर्धाच दिसतो," हे त्याचं स्पष्टीकरण.

समुपदेशक मुग्धा मॅडम पुण्याच्या, निलेशपेक्षाही दहा वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "काका, इथे बोललेलं आपल्या दोघांतच राहील."

"बरोबर हाय," काका गरजले. "कोनाला कळता कामा नाय."

तिन्ही मजल्यांना कळलं. टॅबचा आवाजही शेवटपर्यंत वाढवलेला असायचा, त्यामुळे दोन्ही बाजू नीट ऐकू यायच्या; मी शाळेत असले तरी संध्याकाळी जिन्यात मला सगळं कळायचं. हळूहळू गुरुवारी अकराच्या सुमाराला बिल्डिंगमधले मिक्सर आपोआप बंद राहू लागले. पहिल्या मजल्यावरच्या कदमवहिनी एकदा जिन्यात मला हळूच म्हणाल्या, "ओरडण्याआधी दहापर्यंत मोजायचं, ते मला लागू पडलं हो." एका गुरुवारी मॅडम रजेवर होत्या, तर संध्याकाळी चौकशी करायला काकांआधी वहिनीच माझ्याकडे आल्या.

मॅडमनी काकांना गृहपाठ दिला होता. समोरच्याचं पूर्ण ऐकायचं, मधे बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. शेवटी फक्त विचारायचं, 'तुला कसं वाटलं?' काकांनी याची वही केली. बॉयलरवर तासातासाला दाब लिहायची सवय, त्याच पद्धतीने रकाने आखले. वेळ, बोलणारा, मी किती वेळा अडवलं.

सरावाला माणसं हवी होती. वॉचमन मिश्राजींपासून सुरुवात झाली. त्यांची रात्रपाळीची कहाणी ऐकून काकांनी विचारलं, "आपको कैसा लगा?"

"मच्छर काटा साहब, और कैसा लगेगा."

मग पाळी माझी. मी शाळेतल्या नव्या मुख्याध्यापिकेबद्दल बोलत होते. काका ओठ घट्ट मिटून, मांडीवर मुठी आवळून बसले होते. पाच मिनिटांनी त्यांचा चेहरा लाल झाला. "टीचर, सरळ बदली मागा ना," ते एकदम म्हणाले आणि लगेच वही ओढून एक आकडा टाकला. माझ्या नावापुढे पहिल्या आठवड्यात सात होते. महिन्याने दोनावर आले. माझं बोलणं इतकं कुणी ऐकून घेतल्याचं मला तरी आठवत नाही. मी रोज संध्याकाळी काही ना काही निमित्ताने तिकडे जाऊ लागले, हेही खरं.

ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो मात्र रविवारी दुपारी एकदा फोन करायचा. जेवलात? जेवलो. गोळी घेतली? घेतली. ठेवतो. मी एकदा तिथेच होते. माझा चहा ओतून होईपर्यंत फोन संपलेला.

निलेशच्या आई, सुनंदाकाकू, होत्या तोवर असं नव्हतं, म्हणजे असलं तरी दिसत नव्हतं. निलेशचं बाबांना आणि बाबांचं निलेशला त्याच पोचवायच्या. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि दोघांना कळलं की आपल्याला एकमेकांशी बोलता येत नाही.

तिसऱ्या महिन्यात मॅडम म्हणाल्या, एकदा निलेशलाही बोलवा. काकांनी तो चार ओळींचा मेसेज माझ्याकडून अख्खी दुपार लिहून घेतला. 'वेळ असेल तर' घालायचं की नाही यावर तासभर गेला. शेवटी घातलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, 'येतो.'

त्या गुरुवारी शाळेला सुट्टी होती. मी टॅब लावून दिला आणि निघाले, तर काका म्हणाले, "बसा टीचर. मधेच अडकला तर?" मी दिसणार नाही अशी बाजूला बसले. निलेशने कॅमेरा बंद ठेवला होता. काळ्या चौकोनात नुसतं नाव.

काकांनी त्या नावाकडे बघत बोलायला सुरुवात केली, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला नीट ऐकू येईना.

"निलेश, आई गेली त्या दिवशी तू हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून रडत होतास. मी तुला म्हटलं, गप, माणसं बघतात. ते मी चुकीचं बोललो. मला तेवढंच सांगायचं होतं."

निलेशचा आवाज आला. "ठीक आहे, बाबा. मला आता एक मीटिंग आहे." चौकोन गेला.

"काका, तुम्हाला आत्ता कसं वाटतंय?" मॅडमनी विचारलं.

"म्हाईत नाय," काका म्हणाले आणि नमस्कार करून टॅब बंद केला. त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही. दोन दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. कदमवहिनींनी दारातूनच डबा दिला.

रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला माझी बेल वाजली. काका उभे होते, मला घरी चला म्हणाले. मी पेपर तपासत होते, ते तसेच टाकून गेले. टेबलावर त्यांचा फोन चार्जिंगला लावलेला होता.

"निलेशचा फोन झाला. पाऊण तास."

"काय म्हणाला?"

"पहिलं काय नाय. मग रडायला लागला. आईचं सगळं काढलं त्यानं, पार लहानपणापासूनचं. खूप रडला."

"आणि तुम्ही?"

"मी काय, बसलो फोन धरून. मला पन रडायचं होतं. पन त्याचं चालू होतं ना, म्हनून मी थांबलो."

"मग?"

"मग त्याला बरं वाटलं. पुढच्या महिन्यात येतो म्हनाला. ठेवला फोन."

ते खिडकीकडे तोंड करून बसले. 'आता तुम्ही रडा' असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण तोही सल्लाच झाला असता. मी समोरची खुर्ची ओढली.

"तुमाला काम असेल," काका म्हणाले.

"नाही. काही नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खात्री करून घेतल्यासारखं.

"ती शेवटच्या आठवड्यात म्हनत होती, मला केळव्याला न्या, एकदा वाडी बघते," ते म्हणाले. "तास-सव्वा तासाचा रस्ता. मी म्हटलं, बरी झालीस की जाऊ."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुढचं सांगायला लागले.